महाकामकाठची पाच एकर: माझे 22 कोटी 50 लाख रुपिया कसे गेले

इंडोनेशियातल्या कालिमंतानमध्ये, म्हणजे बोर्निओ बेटाच्या त्यांच्याकडच्या भागात, कोळशात, पामतेलात किंवा बंदरावर नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. लिहायला लाज वाटते. दोन वर्षं घराबाहेर कुणालाच सांगितलं नाही, सासरी तर अजून माहीत नाही. पण परवा सुराबायातल्या एका मित्राने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवून विचारलं, "ही जमीन कशी वाटते?" आणि मग गप्प बसवेना.

रक्कम आधीच सांगतो. एक जुता म्हणजे दहा लाख रुपिया. 14 जून 2022 ला जमिनीचा इसार म्हणून 25 जुता रोख. 2 ऑगस्टला 160 जुता बँकेतून. सप्टेंबरात "मोजणी" म्हणून 15 जुता, "अदात"च्या विधीसाठी, म्हणजे गावच्या रीतीचं डुक्कर-कोंबडी आणि ज्येष्ठांचा मान म्हणून 10 जुता, आणि ऑक्टोबरात सर्टिफिकेट काढायला 15 जुता. एकूण 225 जुता. तेव्हा आपल्या रुपयाला साधारण 187 रुपिया पडत होते, म्हणजे 12 लाख 3 हजार रुपये. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले.

मी काही पहिल्या खेपेचा माणूस नव्हतो. 2019 पासून समारिंदात, महाकामकाठच्या शहरात, होतो, भाषा कामापुरती येत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोकोवी यांनी राजधानी जकार्ताहून पूर्व कालिमंतानला हलवायची घोषणा केली आणि इथे जो तो जमिनीच्या गोष्टी करायला लागला. चहाच्या टपरीपासून ऑफिसपर्यंत दुसरा विषय नाही. नवी राजधानी सेपाकूकडे, आणि मला दाखवलेली जमीन महाकाम नदीच्या कितीतरी वर, आतल्या भागात. दोन्हींचा काडीचा संबंध नाही, हे नकाशा उघडला असता तर दिसलं असतं. पण दलाल म्हणाला, "राजधानी आली की रस्ता येणार, रस्ता आला की भाव दसपट." दोन हेक्टर, म्हणजे आपली पाच एकर, एकरी अडीच लाखांच्या आत. आमच्या तालुक्यात या पैशात दोन गुंठे मिळत नाहीत. तुम्ही असता तर तुम्हीही गेला असता, हे मी आजही म्हणतो.

गेलो. समारिंदाहून रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही मोठ्या बोटीने मेलाकपर्यंत, पुढे उपनदीतून लहान मोटारबोट. गाव सुंदर, खोटं कशाला बोलू. नदीकाठी उलिनच्या खांबांवर उभी घरं. हे लाकूड पाण्यात पिढ्यान् पिढ्या टिकतं. पण राहायचं म्हटलं तर वीज जनरेटरची, संध्याकाळचे काही तास. पेट्रोल बाटल्यांतून, शहरापेक्षा कितीतरी महाग. उन्हाळ्यात नदी उतरली की बोट अडकते आणि तांदळापासून सिमेंटपर्यंत सगळ्याचे भाव चढतात. दवाखाना म्हणजे नदीने दोन तासांवरचं पुस्केस्मास, सरकारी आरोग्य केंद्र. रबराला भाव नाही म्हणून तरुण पोरं खाणीवर आणि पामच्या मळ्यात गेलेली. अशा ठिकाणी जमीन दसपट कशी होईल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. भाव वाढलाच तर एखादी कंपनी आली म्हणून वाढेल, आणि कंपनी तुमच्या दोन हेक्टरसाठी थांबत नाही.

आता ती वेळ. ही मी रोज आठवतो.

उतार चढून गेलो तर झाडोरा माजलेला. दलाल म्हणाला, "कोसोंग, मिस्टर." रिकामी. त्या झाडोऱ्यात रबराची झाडं होती. एका खोडावर तिरकी चीर, खाली तारेने बांधलेली नारळाची करवंटी, आणि करवंटीत पांढरा चीक. ताजा. मी बोट बुडवून पाहिलं, बोटाला चिकटला. म्हणजे त्याच सकाळी कुणीतरी झाड चिरलं होतं. "रिकाम्या" जमिनीवर.

पाच पावलांवर एक म्हातारी बसली होती, रुंद कडेची टोपी, हातात चिरायची सुरी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इनी तानाह कामी." दलाल हसला. म्हणाला, "मजूर आहे ती, आमच्या गावची जमीन चांगली आहे असं म्हणतेय."

इंडोनेशियन भाषेत "आम्ही"ला दोन शब्द आहेत. किता म्हणजे आपण, ऐकणाराही धरून. कामी म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. इंग्रजीत हा भेद नाही, हिंदीत नाही, आपल्या मराठीत आहे. समारिंदात आल्यावर पहिल्याच महिन्यात हे शिकलो तेव्हा इतका आनंद झाला होता की घरी फोन करून सांगितलं होतं. आणि ती बाई माझ्या तोंडावर म्हणत होती की ही जमीन आमची आहे, तुमची नाही. मला शब्द कळला. अर्थही कळला. मी दलालाचा अर्थ घेतला, कारण मला तोच हवा होता.

माझे वडील तलाठी होते. जमीन घेताना चतुःसीमा पायाने चालायची आणि चारही शेजाऱ्यांशी दलाल नसताना बोलायचं, हे त्यांनी मला शाळेत असताना सांगितलं होतं. मी एकाही शेजाऱ्याला भेटलो नाही. कागदावर चौघांच्या सह्या होत्या, चारही एकाच निळ्या पेनाच्या.

तो कागद म्हणजे सुरात केतेरांगान तानाह, सरपंचाने दिलेला जमिनीचा दाखला, वर दहा हजारांचा मेतेराई, म्हणजे मुद्रांक, चिकटवलेला. हा मालकीचा पुरावा नाही. आपल्या सातबाऱ्याशी तुलनाच करू नका. सर्टिफिकेट नसेल तर जमीन नाही, एवढं धरून चाला. आणि मी परदेशी म्हणून नाव तिथल्या एका पोराचं लावलं. "पिंजाम नामा", नाव उसनं घ्यायचं. बालीत सर्रास चालतं, सगळे करतात, असं मला तिघांनी सांगितलं. त्यातल्या दोघांना दलालाने कमिशन दिलं होतं, हे नंतर कळलं. मी नोतारिसकडेही, म्हणजे दस्त करणाऱ्या नोटरीकडेही, गेलो होतो, अगदीच आंधळेपणाने उडी मारली नव्हती. नोतारिस दलालाच्या ओळखीचा होता, हा भाग वेगळा. तुमचा नोतारिस तुम्ही शोधा, विकणाऱ्याचा नको.

जानेवारी 2023 मध्ये एका सर्व्हेअरला मी काढून ठेवलेले जीपीएसचे आकडे दिले. दहा मिनिटांत त्याने सांगितलं, हे कावासान हुतान आहे, सरकारी वनक्षेत्र. इथे मालकीचं सर्टिफिकेट निघूच शकत नाही. आणि झाडोरा म्हणजे पडीक नव्हे. तिथे फिरती शेती चालते, आपल्याकडच्या कुमरीसारखी. एक तुकडा पिकवायचा, मग वर्षानुवर्षं सोडायचा. सोडलेली जमीनही कुठल्या तरी घराण्याचीच असते आणि गावात प्रत्येकाला ती कुणाची ते माहीत असतं. जमीन कार्यालयाचं सेन्तुह तानाहकू नावाचं अॅप आहे, नोंदलेल्या जमिनी त्यात दिसतात. माझी दिसली नसती. पैसे देण्याआधी ते उघडा, वनक्षेत्राचा नकाशाही बघा.

गावात गेलो. सरपंच म्हणाला, सही माझी नाही, शिक्का जुना आहे. दलालाचा फोन बंद. उसन्या नावाचा पोरगा सुलावेसीला गेलेला.

मग कचेऱ्या. ज्या पोलीस ठाण्यात गेलो तिथे आपल्या तेव्हाच्या 420 सारखं तिथलं फसवणुकीचं 378 कलम लावा म्हणून अर्ज केला. साहेब म्हणाले, हे पेरदाता आहे, दिवाणी, कोर्टात जा. जमिनीच्या कचेरीत म्हणाले, नोंदच नाही तर आम्ही काय करणार. वनखात्याच्या माणसाने तर मलाच विचारलं, तुम्ही सरकारी जंगलात काय करत होतात? पुन्हा पोलीस. पुन्हा येताना दोन दिवसांची नदी. तिसऱ्या खेपेला म्हणाले, अधिकारी बदलला, फाइल पुन्हा द्या. चौथ्या खेपेला बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट मागितलं. बँकेने ते द्यायला तीन आठवडे लावले, आणि मी ते घेऊन गेलो तर मूळ पावती कुठाय म्हणाले. 25 जुता रोख दिले होते, त्याची पावती दलालाच्या हातची. ती चालत नाही. मार्च 2023 ते फेब्रुवारी 2024, अकरा महिने, सात फेऱ्या, आणि हातात एक कागद, "तक्रार प्राप्त" असा. तो दलाल ठाण्याच्याच शहरात मोटारसायकलवर फिरतो हे मी डोळ्यांनी पाहिलं, गाडीचा नंबर लिहून दिला. कुणी उठलं नाही. परदेशी माणसाने पैसे गमावले म्हणजे त्याच्याकडे जास्तच होते, असा सगळ्यांचा चेहरा.

शेवटी स्वतः शोधलेल्या वकिलाने 1960 च्या जमीन कायद्याचं कलम 26 वाचून दाखवलं. हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, इंडोनेशियाच्या नागरिकालाच. ती आडमार्गाने परदेशी माणसाकडे गेली तर व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. कायद्यातच लिहिलंय. म्हणजे माझे कागद खरे असते तरी मी बुडालोच असतो. हे एक वाक्य मला जून 2022 मध्ये कुणी वाचून दाखवलं असतं तर! निवासी परवाना असेल तर हाक पाकाई, वापराचा हक्क, कायदेशीर मिळू शकतो. तेवढ्यावर भागत नसेल तर घेऊ नका.

बायको म्हणाली होती, "अहो, निदान एकदा बाबांना कागद दाखवा." बाबांना इंडोनेशियन कुठे कळतंय, म्हणून मी दाखवला नाही. चार सह्या एकाच पेनाच्या आहेत हे त्यांनी भाषा न कळताही सांगितलं असतं.

मित्राने पाठवलेल्या फोटोत तोच उतार आहे. दोन हेक्टर, "कोसोंग", भाव आता 310 जुता. डावीकडे खाली रबराच्या खोडाशी एक निळी पाण्याची बाटली दिसते. ती माझी आहे. चीक बघायला वाकलो तेव्हा खाली ठेवली होती. हा फोटो तुमच्याकडे आला तर ती बाटली शोधा आणि मला कळवा. माझ्या सगळ्या पावत्या पाठवतो.