करंडक एकाला, मत दुसऱ्याला: रिपब्लिकन प्रायमरीच्या पाच डिबेट आणि चार उमेदवार

सांगलीत मी बरीच वर्षं आंतरशालेय वादविवाद स्पर्धांचं परीक्षण केलं. गुणपत्रिका ठरलेली असायची: विषयाची मांडणी, आवाज आणि उच्चार, खंडन, सभाधीटपणा. प्रत्येकी दहा गुण, आणि घंटा वाजली की उरलेलं वाक्य तोंडातच राहायचं. त्याच सवयीनं मी अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाच्या 2023-24 च्या पाचही प्रायमरी डिबेट पाहिल्या आणि वहीत गुण मांडले. माझ्या वहीत पहिल्या रात्रीचा फिरता करंडक विवेक रामस्वामींना गेला होता. निकाल लागले तेव्हा ती वही कुणाला दाखवायची सोय उरली नव्हती.

आता ती पुन्हा उघडली ती भाचीमुळे. ती न्यू हॅम्पशायर राज्यात, नॅशुआला राहते. तिचा सवाल साधा होता: "मामा, पुढच्या वेळी यांच्यातलेच दोघंतिघं परत उभे राहणार. कोण बरं बोललं यावरून मी मत ठरवायचं का?" ठरवायचं, पण माझ्या जुन्या गुणपत्रिकेनं नाही.

ज्यांना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून येतं. तिथे राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट मिळवायला आधी पक्षातल्याच स्पर्धकांशी राज्याराज्यांत निवडणूक लढावी लागते, तीच प्रायमरी. 2023-24 मध्ये मतदान सुरू होण्याआधी टीव्हीवर पाच डिबेट झाल्या, त्यातल्या पहिल्या चार पक्षाच्या देखरेखीखाली. त्यातही चाळणी असते. पहिल्या डिबेटला किमान 40 हजार वेगवेगळे देणगीदार आणि जनमत चाचण्यांत 1 टक्का हवा होता. चौथीपर्यंत हा आकडा 80 हजार आणि 6 टक्क्यांवर गेला. डग बर्गम हे नॉर्थ डकोटाचे तेव्हाचे श्रीमंत गव्हर्नर. त्यांनी एक डॉलर देणगी देणाऱ्याला 20 डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊन देणगीदार जमवले. आपल्याकडे हा हिशोब उलगडून सांगावा लागत नाही.

आणि पाचही रात्री मुख्य माणूस गैरहजर. डोनाल्ड ट्रम्प चाचण्यांत इतके पुढे होते की त्यांनी एकाही डिबेटला पाय ठेवला नाही. 2015 मध्ये ते पहिल्या डिबेटला उभे होते तेव्हा 2 कोटी 40 लाख लोकांनी ती पाहिली. 2023 च्या पहिल्या डिबेटला 1 कोटी 28 लाख. म्हणजे आपण परीक्षण करतोय ते दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचं, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

माझ्या जुन्या पद्धतीत कुठे गोम आहे ते 23 ऑगस्ट 2023 च्या मिलवॉकीतल्या एका प्रसंगात दिसतं. मंचावर आठ जण. सूत्रधारांनी आधी हवामानबदलावर हात वर करायला सांगितलं, तेव्हा फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस फटकन म्हणाले, आपण काही शाळकरी मुलं नाही, चर्चा करू या. टाळ्या. माझ्या वहीत सभाधीटपणाला आठ. पुढे दुसरा प्रश्न आला: ट्रम्प न्यायालयात दोषी ठरले आणि तरी पक्षाचे उमेदवार झाले तर पाठिंबा देणार का? रामस्वामींचा हात क्षणात वर. निकी हेलींचाही गेला. डिसँटिस यांनी आधी एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला, शेजाऱ्यांचे हात कुठे आहेत याचा अंदाज घेतला आणि मग स्वतःचा उचलला. वर्गात गृहपाठ न केलेला मुलगा बाई विचारतात तेव्हा असाच हात वर करतो. आठपैकी सहा हात वर झाले. क्रिस क्रिस्टींनी बोट उचललं, पण ते नकारार्थी हलवायला. आर्कान्सासचे माजी गव्हर्नर एसा हचिन्सन यांनी हात खालीच ठेवला.

या दोन-तीन सेकंदांना गुणपत्रिकेत रकानाच नव्हता. म्हणून मी आता एकच रकाना ठेवलाय: महागडं उत्तर. समोर बसलेल्या लोकांना आवडणार नाही हे माहीत असूनही उमेदवारानं ते स्पष्ट दिलं का? बाकी खंडन, हजरजबाबीपणा, चेहऱ्यावरचं हसू हे सगळं सरावानं येतं. शेवटपर्यंत टिकलेल्या चौघांना याच रकान्यात शेजारी शेजारी बसवून पाहू.

हेली आणि रामस्वामी या जोडीवर आपल्या लोकांचं सर्वांत जास्त लक्ष होतं, ते साहजिक आहे. एक अमृतसरकडून आलेल्या शीख कुटुंबाची, साउथ कॅरोलायनात जन्मलेली आणि तिथली माजी गव्हर्नर. दुसरा केरळहून गेलेल्या आईवडिलांचा, ओहायोत वाढलेला, औषध कंपनी उभी करून अब्जाधीशांच्या पंगतीत बसलेला, तेव्हा 38 वर्षांचा तरुण. एडिसनपासून एन्फिल्डपर्यंत, परदेशातल्या मराठी मंडळींच्या फराळाच्या ग्रुपांवर दोघांच्या व्हिडिओचे तुकडे फिरत होते. फिरायला सोपेच होते ते. पहिल्या रात्री रामस्वामी म्हणाले, या मंचावर विकला न गेलेला मी एकटाच. हेलींनी युक्रेनवरून त्यांना सुनावलं, परराष्ट्र धोरणाचा तुम्हाला अनुभव नाही आणि ते दिसतंय. दुसऱ्या डिबेटमध्ये टिकटॉकवरून हेली म्हणाल्या, तुमचं ऐकलं की दरवेळी मी थोडी अधिक मठ्ठ झाल्यासारखं वाटतं. तिसऱ्यात रामस्वामींनी हेलींच्या मुलीच्या टिकटॉक खात्याचा विषय काढला आणि हेलींच्या तोंडून माइकवर शिवी गेली. चौथ्यात रामस्वामींनी कागदावर 'निकी म्हणजे भ्रष्ट' असं लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं. उत्तर देणार का, असं विचारल्यावर हेली म्हणाल्या, यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

हे सगळं वाजवून बाजूला ठेवा. रकान्यात काय येतं? हेलींची दोन उत्तरं मला खरोखर महाग वाटली. पहिलं गर्भपाताचं. ट्रम्प यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स देशव्यापी बंदीच्या बाजूनं जोर लावत होते. हेली म्हणाल्या, लोकांशी खरं बोला, सिनेटमध्ये त्यासाठी साठ मतं लागतात आणि ती आपल्याकडे नाहीत. गर्भपातविरोधी मतदारांनी भरलेल्या पक्षात हे बोलणं म्हणजे लग्नाच्या मांडवात हुंड्याचा हिशोब मागणं. दुसरं मायामीच्या डिबेटमध्ये: आज विशीत असलेल्यांसाठी निवृत्तीचं वय वाढवावंच लागेल. निवृत्तांचं नंदनवन समजल्या जाणाऱ्या फ्लोरिडात उभं राहून. कर्जाच्या प्रश्नावरही त्यांनी ट्रम्प यांच्या काळात वाढलेल्या आठ लाख कोटी डॉलरचं नाव घेतलं.

रामस्वामींची उत्तरं बहुतेक स्वस्त होती. ट्रम्प हे एकविसाव्या शतकातले सर्वोत्तम अध्यक्ष, हे त्या सभागृहात म्हणायला काय लागतं? पण एक बाब त्यांच्या बाजूनं मांडायलाच हवी. युक्रेनची मदत थांबवा, हे मत मंचावरच्या बहुतेकांना रुचणारं नव्हतं, चारी बाजूंनी मारा झाला आणि ते जागचे हलले नाहीत. त्याच वेळी त्यांचा सूर मात्र दर डिबेटला बदलायचा. पहिल्यात सगळे विकलेले, दुसऱ्यात अचानक 'मंचावरची ही चांगली माणसं आहेत', तिसऱ्यात पुन्हा तलवार उपसलेली. वादविवाद स्पर्धेत पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही बाजूंनी तितक्याच त्वेषानं बोलणारी मुलं मी पाहिली आहेत. ती करंडक नेतात. माझ्या वहीत म्हणूनच पहिल्या रात्री ते वर होते. त्या डिबेटनंतरच्या एका चाचणीत रिपब्लिकन प्रेक्षकांपैकी 29 टक्क्यांना डिसँटिस सरस वाटले, 26 टक्क्यांना रामस्वामी आणि फक्त 15 टक्क्यांना हेली. म्हणजे चुकणारा मी एकटा नव्हतो.

डिसँटिस आणि क्रिस्टी ही दुसरी जोडी, आणि माझ्या मते शिकण्यासारखी जास्त. क्रिस्टी मूळचे सरकारी वकील, नंतर न्यू जर्सीचे गव्हर्नर. प्रश्न विचारून समोरच्याला कोंडीत पकडावं तर त्यांनीच. चौथ्या डिबेटला, अलाबामात, डिसँटिस यांना विचारलं गेलं की ट्रम्प मानसिकदृष्ट्या या पदासाठी सक्षम आहेत का. ते वयाबद्दल बोलले, तरुण नेतृत्वाबद्दल बोलले, हो किंवा नाही मात्र आलं नाही. क्रिस्टी मध्येच घुसले: सक्षम आहेत की नाहीत? पुन्हा तेच. हा तुकडा मिळाला तर आवाज वाढवून ऐका. पहिल्या रात्रीही, 6 जानेवारी 2021 ला ट्रम्प यांचं न ऐकता निवडणुकीचा निकाल मान्य होऊ दिला हे पेन्स यांनी योग्य केलं का, या प्रश्नाला डिसँटिस आधी बगल देत राहिले आणि रेटल्यावर म्हणाले, माइकनं आपलं कर्तव्य केलं, माझं त्यांच्याशी वैर नाही.

डिसँटिस यांना दूषण देणं सोपं आहे. खरं तर फ्लोरिडातली शाळा, कोविड, सीमा या विषयांवर ते पाठ केल्यासारखं का होईना, पण मुद्देसूद बोलतात. मांडणीत मी त्यांना कमी गुण दिले नव्हते. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना माणूस ठाम आणि ट्रम्प यांचं नाव निघालं की पाय मागे. महागड्या रकान्यात शून्यच म्हणा.

क्रिस्टींचा रकाना उलट भरलेला. मिलवॉकीत ट्रम्प यांच्या वर्तनाला सामान्य मानणं थांबवा म्हणाले आणि सभागृहानं हुर्यो उडवली. हवी तेवढी उडवा, असं म्हणत ते बोलत राहिले. पण त्यांच्या धाडसाची एक मर्यादा आहे, ती भाचीनं लक्षात ठेवावी. त्यांची महागडी उत्तरं जवळजवळ सगळी एकाच माणसाबद्दल होती. आणि क्रिस्टी पाडतात, पण स्वतः चढत नाहीत. याचा पुरावा भाचीच्याच राज्यातला आहे. 6 फेब्रुवारी 2016 ला, न्यू हॅम्पशायरच्या डिबेटमध्ये, त्या वेळचे एक उमेदवार मार्को रुबिओ तेच घोकलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. क्रिस्टींनी प्रेक्षकांकडे वळून दाखवलं, बघा, हेच ते पाठ केलेलं पंचवीस सेकंदांचं भाषण. रुबिओंनी पुढच्याच श्वासात पुन्हा तेच म्हटलं. तीन दिवसांनी मतदान झालं. रुबिओ पाचवे आले. क्रिस्टी सहावे. डेमोक्रॅटांकडेही असंच घडलं: 2020 मध्ये लास वेगासला एलिझाबेथ वॉरन यांनी मायकेल ब्लूमबर्ग यांची पार साल काढली. ब्लूमबर्ग संपले, पण वॉरन यांनाही एकही राज्य जिंकता आलं नाही.

निकाल हवाच असेल तर तोही ऐका. मिलवॉकीच्या दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांचं अटकेच्या नोंदीसाठी तुरुंगात काढलेलं छायाचित्र जगभर झळकलं आणि आदल्या रात्री कोण काय बोललं ते कुणाला आठवेना. 15 जानेवारी 2024 ला आयोवातल्या पहिल्या मतदानात ट्रम्प 51 टक्के, डिसँटिस 21, हेली 19, रामस्वामी 8 च्या आत. रामस्वामींनी त्याच रात्री माघार घेऊन ट्रम्प यांना पाठिंबा दिला. क्रिस्टी मतदानाआधीच बाहेर पडले होते. हेली सर्वांत शेवटपर्यंत टिकल्या, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन डीसी जिंकून मार्चमध्ये थांबल्या.

मग माझा कौल हेलींना? डिबेटपुरता, हो. पण एक मोठा 'पण' आहे. आयोवातली शेवटची डिबेट दोघांचीच होती, हेली आणि डिसँटिस. समोर एकच माणूस, वेळ भरपूर, आणि हेली पुन्हा पुन्हा डिसँटिस यांच्या खोटेपणाची यादी असलेल्या आपल्या संकेतस्थळाचं नाव घेत राहिल्या. रुबिओच की! त्याआधी डिसेंबरच्या शेवटी न्यू हॅम्पशायरमधल्याच बर्लिन गावात एका मतदारानं त्यांना अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं कारण विचारलं आणि उत्तरात गुलामगिरी हा शब्दच आला नाही. दुसऱ्या दिवशी सारवासारव करावी लागली. तयारी करून आलेल्या प्रश्नाला महागडं उत्तर देणारी हीच बाई, साध्या माणसाच्या साध्या प्रश्नाला स्वस्तात निसटायला गेली आणि घसरली.

वेळ कमी असेल तर पाच डिबेट बघत बसू नकोस, असं मी भाचीला लिहिलं. दुसरी, कॅलिफोर्नियातल्या रेगन ग्रंथालयातली, सोडून दे. सात जण एकमेकांवर ओरडतात, काही ऐकू येत नाही. मिलवॉकीतला हात वर करण्याचा भाग आवाज बंद करून बघ. मायामीची पूर्ण बघ, तिथे पाचच जण होते आणि पेन्शनवर बोलावं लागलं. अलाबामातली क्रिस्टी-डिसँटिस यांची झटापट बघ. नंतर बर्लिनमधला तो एका प्रश्नाचा तुकडा. सगळं मिळून तीन तासही लागत नाहीत.

तिचं उत्तर तासाभरात आलं. "आणि यांच्यातलं कुणीच नको वाटलं तर?" तिच्या राज्यात तीही सोय आहे. ती कुठल्याच पक्षात नोंदलेली नाही. अशा मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागता येते, आणि मत टाकून बाहेर पडताना तिथल्याच टेबलावर अर्ज भरून पुन्हा बिनपक्षाचं होता येतं. फक्त एकदा पक्षात नाव राहिलं की बदलायची मुदत मतदानाच्या बरीच आधी संपते, म्हणून तो अर्ज विसरू नकोस, एवढं मी तिला दोनदा लिहिलं.