लेक्चर रेकॉर्डिंगचा अनुभव: आधी माईक, मग बाकी सगळं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते: वर्गातला तास रेकॉर्ड करायचा असेल तर पहिला पैसा माईकवर घाला. कॅमेरा असेल तो चालतो, हातातला मोबाईलसुद्धा चालतो.

गेल्या पावसाळ्यापासून मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राचे तास रेकॉर्ड करून मुलांना देते आहे. शिवाजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम, मराठी-इंग्रजी मिसळून शिकवणं, खडू-फळा, डोक्यावर घरघरणारे पंखे आणि खिडकीबाहेर हॉर्न. अशा वर्गात जे टिकलं तेवढंच लिहिते.

"यूट्यूबवर सगळं आहे की, तुम्ही कशाला एवढा खटाटोप करता?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये हमखास येतो. खरं आहे, आहे सगळं. यूजीसीनं १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं, २००३ पासून आयआयटी आणि आयआयएससीची मोफत व्हिडिओ लेक्चरं देणारं एनपीटेल आलं, २०१७ मध्ये सरकारचं ऑनलाइन कोर्सचं 'स्वयम्' आलं. एनपीटेलची लेक्चरं मी स्वतः तयारीसाठी ऐकते, त्यांना तोड नाही. पण परीक्षेच्या आधी माझ्या मुलांना हवा असतो तो त्यांच्या वहीत उतरलेला फळा. तीच चिन्हं, तोच क्रम, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीनं विचारलेली तीच शंका. पुंजभौतिकीतल्या नेहमीच्या उदाहरणात, L लांबीच्या बॉक्समधल्या कणाचं तरंगफल (वेव्ह फंक्शन) काढताना √(२/L) कुठून आलं, हे मी sin² ची सरासरी अर्धी येते ते दाखवून समजावते. ती तीन मिनिटं मुलं पुन्हा पुन्हा लावून बघतात. ती त्यांना दुसरीकडे कुठे शोधायला सांगू?

माझी मांडणी साधी आहे. कॉलेजचा जुना लॅपटॉप, त्यावर ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, तिपाईवर एक वेबकॅम आणि गळ्याशी लावायचा वायरलेस माईक. ओबीएस मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि जुन्या मशीनवरही ७२०पी रेकॉर्डिंग निमूटपणे करतं.

आता आवाजाबद्दल सविस्तर, कारण सगळं इथेच ठरतं. सुरुवातीला शेवटच्या बाकावर ठेवलेल्या मोबाईलवरचं रेकॉर्डिंग मुलांना दिलं होतं. चित्र छान, फळा स्वच्छ, आणि तरीही कुणी दहा मिनिटांपुढे बघेना. एका मुलानं सरळ सांगितलं, "मॅडम, फळा दिसला न्हाई तर चालंल, आवाज पायजेच." मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं पडतो. पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. मग फोनच्या छोट्या स्पीकरवर शब्द त्या घुमाऱ्यात बुडतात. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर आला की हा प्रश्न जवळजवळ संपतो. महागडा माईक लांब ठेवण्यापेक्षा स्वस्त माईक जवळ लावा, एवढं हे सरळ आहे.

साडी नेसणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट खास सांगते, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. जुन्या प्रकारच्या कॉलर माईकला कंबरेला अडकवायचा एक डबा असतो. तो पट्ट्याला लावायचा असं गृहीत धरलेलं असतं. साडीवर तो कुठे लावणार? निऱ्यांमध्ये खोचला तर फळ्याकडे वळताना सरकतो. आता मिळणारे छोटे माईक, ज्यात ट्रान्समीटर आणि माईक एकाच बोटभर तुकड्यात असतो, ते त्यामुळे मला फार सोयीचे वाटले. पण ते पदरावर लावले तर कापड घासून सतत सळसळ येते, आणि कडक स्टार्च केलेल्या सुती साडीला तर जास्तच. मी ब्लाऊजच्या गळ्याला, पदराच्या विरुद्ध बाजूला लावते आणि मंगळसूत्र त्याच्या खाली राहील एवढं बघते. तेवढ्यानं आवाज स्वच्छ येतो. ड्रेस घालणाऱ्यांनी ओढणीपासून लांब लावावा.

दुसरी अडचण मध्येच आवाज तुटण्याची. हे स्वस्त वायरलेस माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. त्यातून माणसाचं शरीर बहुतांश पाण्याचं, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मी फळ्याकडे तोंड केलं की माईक आणि वर्गाच्या मागे लॅपटॉपला लावलेला रिसीव्हर यांच्यामध्ये माझं शरीर येतं आणि नेमकं समीकरण मांडताना आवाज गळतो. उपाय फुकटचा निघाला. लॅपटॉप मागून उचलून फळ्याच्या बाजूच्या टेबलावर आणला, लांब यूएसबी केबल टाकून कॅमेरा तेवढा मागे ठेवला. तरीही खबरदारी म्हणून मोबाईलमध्ये वेगळा आवाज रेकॉर्ड करत ठेवते. तास सुरू करताना कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवते; नंतर दोन्ही आवाज जुळवायचे झाले तर त्या टाळीचा टोकदार उंचवटा एकावर एक बसवला की काम झालं. आता मुलांनाही टाळीची सवय झाली आहे, ती वाजली की वर्ग शांत होतो.

ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज स्वच्छ करणार असाल तर तास सुरू व्हायच्या आधी काही सेकंद नुसता पंख्याचा आवाज रेकॉर्ड करा. त्या नमुन्यावरूनच ते घरघर ओळखून कमी करतं. मात्र हात आखडता ठेवा. जास्त साफ केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

मुलांच्या शंका माईकमध्ये येत नाहीत. म्हणून मी प्रत्येक शंका मोठ्यानं पुन्हा सांगते आणि मग उत्तर देते. हे रेकॉर्डिंगसाठी सुरू केलं, पण त्याचा फायदा मागच्या बाकांना थेट झाला. त्यांना पुढच्यांची शंका पूर्वी ऐकूच जात नव्हती.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. फळा काळा असल्यानं कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो, मग पांढरा शर्ट आणि खडूची अक्षरं दोन्ही फटफटीत होतात. म्हणून एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) तिन्ही लॉक करा. ट्यूबलाईटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर सेटिंग ५० हर्ट्झवर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि बरेच कॅमेरे ६० वर लावूनच येतात. फळा ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. धुरकट फळ्यावरचं काहीही वाचता येत नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो.

ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात ठेवा. साधी एमपी४ फाईल शेवटी नीट बंद झाली नाही तर अख्खी उघडत नाही. एमकेव्ही जिथवर झाली तिथवर शाबूत राहते. एकदा तास ऐन रंगात असताना लाईट गेली आणि बॅटरी थकलेला लॅपटॉपही मागोमाग बंद पडला. तोवरचं सगळं लेक्चर मिळालं. नंतर 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'मधून एमपी४ करायला काही क्षण पुरतात.

रेकॉर्ड करणं हे अर्धंच काम. ते राधानगरीच्या आतल्या वाडीतल्या किंवा शाहूवाडीच्या डोंगरातल्या मुलाच्या फोनवर पोचलं पाहिजे. गणित बघा. ५० मिनिटांचा तास फुल एचडीत २.५ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला २.५ मेगाबिटनं ठेवला तर फाईल सुमारे ९४० एमबीची होते. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये असा एक तास बघितला की निम्म्याहून जास्त पॅक संपतो. तोच तास ४८०पीमध्ये, चित्राला ३०० आणि आवाजाला ४८ केबीपीएस देऊन, १३० एमबीत बसतो. फळा हलत नाही, त्यामुळे कॉम्प्रेशनला फारसं काम नसतं आणि अक्षरं वाचता येतात. मी हे हँडब्रेक या फाईल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करते. शिवाय नुसता आवाज ३२ केबीपीएस मोनोत १२ एमबी होतो. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहज जातो, आणि वहीत फळा उतरवलेला असला की तेवढ्यावर भागतं. एसटीत कानाला इअरफोन लावून ऐकणारी मुलं हीच फाईल मागतात.

यूट्यूबवर मी लेक्चर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं ठेवते आणि वर्णनात वेळा लिहिते: ००:०० उजळणी, ०९:२० सीमाशर्ती, २१:४० नॉर्मलायझेशन. पहिली वेळ शून्यावर हवी आणि निदान तीन वेळा हव्यात, म्हणजे खालच्या पट्टीवर आपोआप भाग पडतात. हे लिहायला दहा मिनिटं जातात आणि माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा त्यांचा उपयोग मोठा आहे. मुलं पूर्ण तास कधीच बघत नाहीत, अडलेली जागा बघतात.

पावसाळ्यात याची किंमत सगळ्यांना कळली. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की आमच्या वर्गातली गावाकडची नावं हजेरीतून गळायला लागतात. गगनबावडा रस्त्यावर पाणी येतं, एसटी बंद होते. पूर्वी त्या दिवसांचा भाग नंतर झेरॉक्सवर उरकला जायचा. यंदा ज्यांच्या गावात रेंज होती त्यांनी तो घरबसल्या बघितला. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी पूर ओसरल्यावर पेनड्राईव्हवर नेला. शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्ट करून शिकणाऱ्या मुलांचंही तेच. उसाच्या हंगामात तर बुडालेली लेक्चरं मुलांना पहिल्यांदाच परत मिळाली.

हजेरी घटेल अशी भीती होती. माझ्या वर्गात सुरुवातीला थोडी घटली, मग पहिल्या चाचणीनंतर पूर्ववत झाली. जी आधीपासून येत नव्हती ती आताही येत नाहीत.

सबटायटल्सचं काम मात्र अपुरं आहे. बोललेलं लिहून देणारी सॉफ्टवेअरं चालवून बघितली. शुद्ध मराठी बऱ्यापैकी येतं, पण आपण वर्गात बोलतो त्या मिश्र भाषेत 'आयगेन व्हॅल्यू' दर वेळी वेगळंच लिहिलं जातं. हातानं दुरुस्ती करावीच लागते. कंटाळवाणं आहे, तरी सोडू नये असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०१७ मध्ये २०,०००हून अधिक व्हिडिओ सर्वांसाठी खुले ठेवणं बंद केलं. ते कर्णबधिर आणि अंध व्यक्तींना नीट वापरता येत नाहीत, असा आक्षेप तिथल्या न्याय खात्यानं घेतला होता. आपल्याकडे लेक्चरं अजून मोजकी आहेत तोवरच ही सवय लावणं सोपं आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाला कमी ऐकू येतं. दुरुस्त केलेली पहिली फाईल मी त्याला पाठवली तेव्हा त्यानं वर्षभरात पहिल्यांदा शंका विचारली.

शेवटचा मुद्दा पैशाचा किंवा यंत्राचा नाही. आमच्याकडे अनेक सहकारी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवतात. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, "ताई, यंदा माझं रेकॉर्डिंग केलं आणि पुढच्या वर्षी तेच लावून माझे तास कमी केले तर?" ही भीती अगदी रास्त आहे. रेकॉर्डिंग त्या वर्षाच्या त्या वर्गापुरतंच, शिक्षकाच्या लेखी संमतीशिवाय पुढच्या वर्षी वापरायचं नाही, त्यावरून कुणाचा कार्यभार ठरवायचा नाही, आणि मुलांचे चेहरे कॅमेऱ्यात घ्यायचे नाहीत: एवढ्या चार ओळींचा कागद आम्ही विभागात तयार केला आहे. त्यावर सही होईपर्यंत मी फक्त माझेच तास रेकॉर्ड करते, दुसऱ्या कुणाला आग्रह करत नाही.