प्लांट बेस्ड पॅटी दोन महिने खाल्ल्या, त्याचा जरा मोठाच रिव्ह्यू

आधीच सांगते, मी जन्मभर मांसाहारी. नुसती चालतं म्हणून खाणारी नाही, आवडीने हाडं चोखून खाणारी. गेलं वर्षभर मात्र डोक्यात एकच प्रश्न घोळतोय की फक्त जिभेसाठी जीव घेणं बरोबर आहे का, आणि उत्तर टाळत टाळत शेवटी एक दिवस फ्रोझन सेक्शनमधून वाटाण्याच्या प्रोटीनच्या बर्गर पॅटीचं पॅकेट उचललं. दोन महिने झाले, चार पॅकेटं संपली, आता लिहायला हरकत नाही.

पॅटीकडे वळण्याआधी माझी एक चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्यांदा मी दुसऱ्याच एका कंपनीचे नगेट्स आणले होते, समोर मोठ्या अक्षरात मीटलेस. दोनदा खाऊन झाल्यावर मागची बारीक अक्षरं वाचली तर बाइंडर म्हणून अंड्याचा पांढरा भाग. मीटलेस म्हणजे मांस नाही, ते खरंच आहे, कोणी खोटं बोललेलं नाही, पण मी ज्या कारणासाठी घेतलं त्यावरच पाणी पडलं. अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची की मोकळ्या, एवढंच विचारायला कस्टमर केअरला मेल केला, आजपर्यंत उत्तर नाही. मीही आधी म्हणायचे की अंड्यात कुठे कोण मरतं. पण अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीचे नर ना अंडी देतात ना मांसासाठी परवडतात, म्हणून बहुतेक हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवण्याच्या केंद्रांत, ते जन्मल्या दिवशीच मारले जातात. जर्मनीने 2022 पासून हे बंद केलं, तिथे आता पिल्लू नर की मादी ते अंड्यातच तपासता येतं. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

आता पॅटी. कच्ची असताना वास अजिबात आवडला नाही, उग्र, थोडा ओल्या डाळीसारखा, पहिल्या दिवशी मी जवळजवळ पॅकेट परत फ्रीजरमध्ये ठेवत होते. तव्यावर पडली की मात्र बदलते. नारळाचं तेल वितळून बाहेर येतं, कडा कुरकुरीत होतात, बीटमुळे आलेला लालपणा हळूहळू तपकिरी होतो आणि घरात खरंच मांस परतल्याचा वास येतो. तवा चांगला तापू द्या आणि सारखी उलटत बसू नका, एकदाच उलटा. आणि गरमच खा हं. यात मेथिलसेल्युलोज नावाचा पदार्थ असतो, तो गरम झाल्यावर घट्ट होतो आणि गार झाल्यावर परत सैल पडतो, साध्या जिलेटिनच्या बरोबर उलटं. त्यामुळे तव्यावरून काढल्या काढल्या चावायला छान लागते आणि डब्यात नेलेली पॅटी दुपारपर्यंत पिचपिचीत होते, मला तीनदा हाच अनुभव आला. पॅटी कुस्करून कांद्याबरोबर कोरडी परतली तर जास्त टिकते, मी आता तशीच जास्त करते.

चव विचाराल तर बर्गरमध्ये, सॉस वगैरे घालून, दहातले आठ मार्क. नुसती खाल्ली तर सहा, शेवटी जिभेवर वाटाण्याची कडवट चव राहते. आणि आख्ख्या मांसाचा तुकडा, ज्याला रेषा असतात, जो दाताखाली तुटतो, तो अनुभव यात नाही.

दादाला न सांगता वाढली. त्याने एक खाल्ली, दुसरी मागितली, मग मी पॅकेट दाखवलं तर चिडलाच. "अगं, चांगली आहे, पण तू हे सगळं पुण्य लागावं म्हणून करतेस का? शेतात पीक कापताना उंदीर, साप, किडे मरत नाहीत का? तुझा वाटाणा काय हवेत उगवला?" मुद्दा चुकीचा नाही, मी दोन दिवस त्यावर विचार करत होते. शेतीत जीव मरतातच, कोणाचंच ताट पूर्ण स्वच्छ नाही. पण प्राणीसुद्धा पीकच खातात ना. कोंबडीचं वजन एक किलो वाढवायला पावणेदोन-दोन किलो खाद्य लागतं, गोठ्यात चारून वाढवलेल्या गुरांना तर कितीतरी जास्त, म्हणजे मांस खाल्लं तर त्या शेतातले उंदीरही आपल्याच खात्यावर आणि वर तो प्राणीही. 2018 साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोन संशोधकांनी जगभरातल्या हजारो शेतांचा हिशेब मांडला, त्यात मांस, दूध, अंडी, मासे यांना मिळून शेतजमिनीतली 83 टक्के जमीन लागते आणि त्यातून माणसांना कॅलरी मिळतात फक्त 18 टक्के. हे दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं, पण वाघाला कोण विचारतं?" वाघाला फ्रोझन सेक्शन नाही दादा, आपल्याला आहे.

आणि माझ्यासाठी सगळं इथेच येऊन थांबतं. जिथे बर्फाशिवाय काही दिसत नाही किंवा जमीन एवढी कोरडी की जनावरांशिवाय दुसरा आधारच नाही, तिथल्या माणसाला मी एक शब्द बोलणार नाही. त्याला पर्याय नाही, मला आहे. मग माझ्या बाजूने उरतं काय, तर चव. आणि या पॅटीने त्या चवीतलाही मोठा भाग देऊन टाकला, त्यामुळे माझ्याकडे सांगायला कारणच उरलं नाही, म्हणून म्हणते की हे प्रॉडक्ट खायला सोपं आणि पचवायला अवघड आहे.

जगात वर्षाला 80 अब्जांहून जास्त जमिनीवरचे प्राणी खाण्यासाठी मारले जातात, त्यातल्या 70 अब्जांहून जास्त तर कोंबड्याच. मासे तर संख्येत मोजतच नाहीत, टनात मोजतात. मांसाची कोंबडी पाच ते सात आठवड्यांत कापतात, तिचं शरीर इतकं झपाट्याने वाढतं की कित्येकींना पायावर नीट उभंही राहता येत नाही. तेवढे आठवडे हेच तिचं आख्खं आयुष्य. प्राणी विचार करू शकतात का, बोलू शकतात का हे सोडा, त्यांना दुखतं का ते बघा, असं जेरेमी बेंथम या इंग्लिश तत्त्वज्ञाने 1789 मध्येच मांडलं होतं. मला हा प्रश्न आधी पुस्तकी वाटायचा, आता वाटत नाही.

म्हणूनच पॅकेटवर कोपऱ्यात हिरव्या रंगात जे "गिल्ट फ्री" लिहिलंय ते मला फार खटकतं. जणू मुद्दा माझ्या मनाला बरं वाटण्याचा आहे! मला अपराधी वाटलं काय, नाही वाटलं काय, कोंबडीला काय फरक पडतो? आणि या धंद्यातही सगळं धुतल्या तांदळासारखं नाहीच. इम्पॉसिबल फूड्स या अमेरिकन कंपनीच्या प्लांट बेस्ड पॅटीला मांसासारखी चव सोयाबीनच्या मुळांत सापडणाऱ्या हीम प्रोटीनने (लोह असलेल्या प्रोटीनने) येते, यीस्टमध्ये तयार केलेल्या, आणि ते सुरक्षित आहे हे दाखवायला त्यांनी ते उंदरांवर तपासलं. 2017 मध्ये ते बाहेर आलं तेव्हा प्राणीप्रेमी संघटनांनी टीका केली, आणि संस्थापक पॅट्रिक ब्राउन यांनी टेस्ट केल्याचं मान्य करून कारण सांगितलं की पुढे कितीतरी जास्त प्राणी वाचावेत म्हणून हे करावं लागलं. मला ते पूर्ण पटलं नाही, पण लपवण्यापेक्षा उघड बोलले ते बरं वाटलं.

तब्येतीचं थोडक्यात. एका पॅटीत 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे, पण नारळाच्या तेलामुळे सॅच्युरेटेड फॅटही बरंच आणि मीठही कमी नाही, त्यामुळे हेल्थ फूड समजून रोज खाऊ नका. मी आठवड्यातून दोनदा खाते, बाकी दिवस साध्या डाळी, राजमा, भाज्या. आणि मांस, दूध, अंडी सगळंच सोडणार असाल तर व्हिटॅमिन बी12 ची गोळी लागते, ते झाडपाल्यातून मिळत नाही, यात हयगय करू नका.

पॅकिंग वाईट आहे, चार पॅटींसाठी प्लास्टिकचा ट्रे, वर फिल्म, वर पुठ्ठा. पॅटी एकमेकींना चिकटलेल्या असतात, सोडवताना एक तरी तुटतेच, मध्ये कागद घातला तर काय बिघडेल?

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ट्रेसाठी आणि त्या हिरव्या शब्दांसाठी. दादाने काल फोन करून विचारलं की कुठल्या रंगाचं पॅकेट होतं ते, मांस सोडलेलं नाहीये त्याने, पण आठवड्यातला एक दिवस ही करून बघतो म्हणाला. मी त्याला सांगितलंय, तवा नीट तापव आणि गरमच खा.