खेळांच्या छायाचित्रणासाठी ७०-३०० की ७०-२००?

सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर भर दुपारी क्रिकेटचा सामना टिपायचा असेल, तर ७०-३०० मिमी एफ/४.५-५.६ ही स्वस्त झूम लेन्स (मिमीचा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते; एफचा आकडा जितका लहान तितके प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे) पुरेशी ठरते, कारण उन्हात प्रकाशाची उणीव नसते आणि सीमारेषेबाहेरून फलंदाजापर्यंत पोहोचायला ७०-२०० पेक्षा जादा १०० मिमी फार उपयोगी पडतात.

खरा फरक दिवेलागणीनंतरच्या कबड्डीत कळतो. एफ/२.८ ची व्यावसायिक ७०-२०० मिमी लेन्स एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत घेते. म्हणजे स्वस्त लेन्सवर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) तोच ठेवून शटर १/२५० सेकंदावर अडकते, तेव्हा एफ/२.८ वर १/१००० सेकंद मिळतो आणि चढाई करणाऱ्याचा हात धूसर होत नाही. स्वस्त लेन्सच्या स्थिरीकरणाने केवळ आपल्या हाताचा कंप आवरतो, खेळाडूची धाव नव्हे, हे विक्रेत्यांनी आवर्जून सांगायला हवे. शिवाय मोठ्या छिद्रामुळे मागची गर्दी विरघळते आणि फोकसही सहसा लवकर बसतो.

वजन मात्र बहुधा दुप्पट, सुमारे दीड किलो. किंमत तर कितीतरी पट. म्हणून हौशी छायाचित्रकाराने आधी ७०-३०० घ्यावी. संध्याकाळच्या स्पर्धांची कामे नियमित मिळत असतील, तर वापरलेली, आतल्या भिंगांवर बुरशी नसल्याची खात्री केलेली एफ/२.८ लेन्स शोधावी.