तीन पिढ्यांसह रत्नागिरी: शहरात काढलेले दोन दिवस

कोकण रेल्वेने रत्नागिरी स्थानकावर उतरणारी बहुतेक कुटुंबे तेथूनच गाडी ठरवून गणपतीपुळ्याला निघून जातात आणि परतताना आंबापोळी, फणसपोळी घेण्यापुरतीच शहरात शिरतात. आम्हीही अनेक वर्षे असेच करत आलो होतो. या फेब्रुवारीत मात्र आम्ही दोघे, चौथीतली मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीमुळे जपून चालणाऱ्या 72 वर्षांच्या सासूबाई अशा पाच जणांनी मुद्दाम शहरातच दोन रात्री मुक्काम केला. वयाची आणि तब्येतीची इतकी भिन्न माणसे बरोबर असली की एखादे ठिकाण प्रेक्षणीय आहे की नाही, यापेक्षा तेथे सावली आहे का, पायऱ्या किती आहेत, बसायला जागा आहे का आणि मुलांना तेथे हात लावण्याजोगे, विचारण्याजोगे काही सापडते का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. पुढील अभिप्राय त्याच दृष्टीने लिहिला आहे. माझे मत आधीच सांगते: लहान मुले असलेल्या कुटुंबाला देण्यासारखे रत्नागिरी शहराकडे पुष्कळ आहे, फक्त दिवसाची आखणी उन्हाच्या कलाने करायला हवी.

उन्हाचा मुद्दा मी सुरुवातीलाच मांडते, कारण तो चुकला की सगळी सहल बिघडते. रत्नागिरी जांभ्या दगडाच्या सड्यावर वसलेली आहे आणि हा कातळ थंडीच्या दिवसांतही सकाळी अकरानंतर तापू लागतो. पहिल्या दिवशी आम्ही सकाळी किनारा, दुपारी छपराखालची ठिकाणे आणि सायंकाळी किल्ला असा क्रम लावला आणि तो इतका सोयीचा ठरला की दुसऱ्या दिवशीही तोच ठेवला. मुलांचा प्रवास मात्र शहराच्या आधीच सुरू झाला होता. मुंबईकडून येताना रत्नागिरीच्या अलीकडे सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. तो कोकण रेल्वेवरील सर्वांत लांब बोगदा असल्याचे सांगितल्यावर मुलाने तो संपेपर्यंत खिडकीची दांडी सोडली नाही.

पहिली सकाळ भाट्याच्या किनाऱ्यावर गेली. काजळी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडला की डाव्या-उजव्या बाजूंना माड दिसू लागतात आणि थोड्याच वेळात सुरूच्या बनामागे लांबच लांब, सपाट किनारा उघडतो. सासूबाईंना सुरूच्या सावलीत चटईवर बसून दोन्ही नातवंडांवर लक्ष ठेवता आले, ही सोय मला समुद्राच्या देखाव्याइतकीच मोलाची वाटली. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत बारीक खेकडे मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडत जातात आणि पाऊल जवळ येताच बिळात शिरतात. मुले तासभर त्यांच्याच मागे होती, त्यामुळे पाण्यात शिरण्याचा हट्टही फारसा झाला नाही. समुद्र शांत दिसला तरी मुलांना घोटाभर पाण्याच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि पावसाळ्यात तर या संपूर्ण किनारपट्टीवर कोणीही पाण्यात उतरू नये. भरतीचे वेळापत्रक मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री विचारून ठेवावे.

भाट्यालाच कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. ते 1955 साली सुरू झाले. सहलीच्या याद्यांत त्याचे नाव क्वचितच आढळते, परंतु बाग पाहण्याची परवानगी मिळाल्यास मुलांना तेथे अवश्य न्यावे. माडांच्या ओळींमध्ये मोकळ्या राहणाऱ्या जागेत दालचिनी, जायफळ, मिरी, अननस अशी पिके घेण्याची जी पद्धत कोकणात ‘लाखीबाग’ या नावाने ओळखली जाते, ती याच केंद्राने रुजवली. माडाच्या बुंध्याला बिलगून चढलेला मिरीचा वेल आणि सालीला दालचिनीचा वास असलेले झाड पाहिल्यावर मुलीने विचारले, “आजी, आपला सगळा मसाला इथेच होतो का?” सासूबाईंनी तिला जायफळ कसे पिकते, पिकल्यावर फळ कसे उकलते आणि बीवरची लाल जाळी म्हणजेच जायपत्री, हे समजावून सांगितले. घरात रोज मसाल्याचा डबा उघडणाऱ्या आजीलाच येथे शिकवण्याचा मान मिळाला. सहलीत वडीलधाऱ्या माणसांना केवळ सांभाळून न्यायचे नसते, त्यांच्याकडून ऐकायचेही असते, हे अशा जागी सहज घडते.

दुपारी झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय पाहिले. दोन दिवसांत आम्ही जे काही पाहिले, त्यात मुलांच्या दृष्टीने मी या जागेला पहिला क्रमांक देईन. हे केंद्रही याच विद्यापीठाचे असून त्याची स्थापना 1958 सालची आहे. मोठ्या शहरांतल्या झगमगीत मत्स्यालयांची अपेक्षा येथे ठेवू नये. ही मुळात अभ्यासाची जागा आहे, आणि तिचे बळही त्यातच आहे. काचेच्या टाक्यांतून गोड्या व खाऱ्या पाण्यातील जिवंत मासे दिसतात, तर संग्रहालयात मासे, कासवे, शंखशिंपले, प्रवाळ आणि शेवंडे यांचे जतन केलेले नमुने मांडलेले आहेत. ज्या मुलांना सुरमई आणि पापलेट फक्त ताटात भेटतात, त्यांना पाण्यात वळणारा, कल्ले हलवणारा मासा समोर पाहून जे कळते, ते पुस्तकातील चित्राने कळत नाही. आमचा मुलगा समुद्रघोड्यांची नावे ठेवत फिरत होता. मुलगी पाकटाच्या चपट्या अंगाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि याचे तोंड खालच्या बाजूला का, असा प्रश्न तिने स्वतःहून काढला. समुद्राच्या तळाशी राहून वाळूतले खेकडे, शिंपले खाणाऱ्या प्राण्याचे तोंड खालीच असायला हवे, हे उत्तरही थोड्या विचाराने तिचे तिलाच सापडले.

या संग्रहालयातील सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे सुमारे 55 फूट लांबीचा देवमाशाचा सांगाडा. सांगाडा म्हटल्यावर लहान मुले घाबरतील अशी शंका मला होती, पण आमच्या मुलाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजत तीन फेऱ्या मारल्या. देवमासा हा मासा नाही, तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो, हे मुलीला शाळेत शिकवले होते. परंतु बाहेरून वल्ह्यासारख्या दिसणाऱ्या त्याच्या अवयवात आपल्या हातासारखीच दंडाची, मनगटाची आणि बोटांची हाडे असतात, हे समजल्यावर तिने स्वतःचा हात पुढे धरून बोटे मोजली. मुलांना एवढे समजावून सांगायचे असेल तर पालकांनी आदल्या रात्री थोडे वाचून जावे आणि किमान दीड तास हाताशी ठेवावा. अर्ध्या तासात बाहेर पडणारी कुटुंबे आम्ही पाहिली, आणि त्यांच्या मुलांचे पाय दारातून निघत नव्हते.

जेवणाबद्दल थोडक्यात लिहिते. किनाऱ्यालगतच्या एका उपाहारगृहात आम्हाला आधी तळून ठेवलेले मासे पुन्हा गरम करून वाढले गेले आणि तिखट कमी ठेवण्याची विनंतीही ऐकली गेली नाही. त्यानंतर आम्ही शहरातल्या एका साध्या घरगुती खाणावळीत जेवलो. तेथे सकाळच्या बाजारातला बांगडा, तांदळाची भाकरी, मुलांसाठी वेगळी काढलेली कमी तिखट आमटी आणि सोलकढी मिळाली. दोन्ही दिवसांचा निष्कर्ष इतकाच, की लहान मुले बरोबर असतील तर आधी सांगून ठेवून जेवण करणाऱ्या खाणावळीला पसंती द्यावी. जून आणि जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताज्या मासळीसाठी येणाऱ्यांनी तो काळ टाळावा. हापूससाठी येणाऱ्यांना एप्रिल-मे गाठावा लागतो, मात्र तेव्हाचे ऊन आणि घाम लहानग्यांना सोसत नाही. फेब्रुवारीत आम्हाला आंबा मिळाला नाही, पण मोहोराचा वास सगळीकडे होता.

सायंकाळी रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा आकार असलेला हा किल्ला तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे आणि त्याच्या बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे. वाहन बरेच वरपर्यंत जाते, त्यामुळे सासूबाईंना शेवटच्या पायऱ्याच चढाव्या लागल्या. दोन वेळा बसून, सावकाश त्या वर आल्या आणि देवीची ओटी भरल्यावर त्यांनी सगळा शीण विसरल्याचे सांगितले. तटावरून मिरकरवाडा बंदरातील मासेमारी नौकांची दाटी दिसते आणि समोरच्या टेकाडावर 1867 साली उभारलेले दीपगृह दिसते. मुलांसाठी हा किल्ला उत्तम आहे, पण येथे त्यांचा हात सोडू नये. तटाच्या काही भागांत बाहेरच्या बाजूला सरळ कडा आहे आणि सूर्यास्त पाहण्याच्या गर्दीत क्षणभराचे दुर्लक्षही महागात पडू शकते. अंधार पडण्यापूर्वी पायऱ्या उतरून यावे. वृद्ध माणसांसाठी तर ते फार आवश्यक आहे.

दुसऱ्या दिवसाची दुपार थिबा राजवाड्यासाठी ठेवली होती. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून प्रथम मद्रासला आणि 1886 साली रत्नागिरीला आणून ठेवले. सुरुवातीची अनेक वर्षे त्याचे कुटुंब येथील बंगल्यांत राहिले. हा राजवाडा 1910 च्या सुमारास बांधून झाला आणि 1916 च्या डिसेंबरात राजाचा मृत्यू झाला, म्हणजे ज्या वास्तूला त्याचे नाव मिळाले तिच्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. उतरत्या छपरांची ही तांबडी वास्तू, तिच्या अर्धगोलाकार खिडक्यांवरचे लाकडी काम आणि आतील थंडावा यांमुळे दुपारची वेळ सुखाने गेली. येथे राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते, म्हणून वार पाहूनच सहल आखावी.

वस्तूंची संख्या मोजून या जागेचे मूल्यमापन करू नये, असे मला मनापासून वाटते. मुलांना येथे एक गोष्ट सांगता येते, आणि ती त्यांना खोलवर भिडते. दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवले आणि पुढे ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला कोकणात आणले. दोघांनाही आपल्या मातीत परतता आले नाही. ही हकिकत ऐकून मुलीने विचारले की राजाला मराठी येत होते का. राजाचे मला सांगता आले नाही, परंतु त्याची नात टुटू रत्नागिरीतच वाढली, येथेच तिचा संसार झाला आणि मराठी हीच तिची बोली झाली, हे सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. राजवाड्याजवळच थिबा पॉइंट आहे. तेथून भाट्याची खाडी, पूल, राजीवड्याची वस्ती आणि पलीकडचा समुद्र एकाच दृष्टिक्षेपात दिसतो. आदल्या सकाळी आपण ज्या वाळूत खेळलो ती वाळू वरून ओळखण्यात मुलांना विलक्षण आनंद झाला. वेळ असल्यास शिवाजीनगर भागातील राजाची समाधीही पाहावी.

टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान लहान आहे, अर्ध्या तासात पाहून होते. कौलारू छपराचे, अंगण आणि माडांचे जुने कोकणी घर आतून कसे असते, हे सदनिकेत वाढणाऱ्या मुलांना दाखवण्यासाठी मी तेथे जाण्याची शिफारस करेन. पतितपावन मंदिरात आम्ही थोडाच वेळ होतो. सर्व जातींच्या हिंदूंना प्रवेश खुला असावा या हेतूने सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने ते 1931 साली उघडले. पूर्वी काही माणसांना देवळात येऊ देत नसत, हे मुलीला तेथे पहिल्यांदाच कळले आणि त्यावर तिने घरी आल्यावरही अनेक प्रश्न विचारले. आरे-वारेचा किनारा आम्ही रस्त्यावरूनच पाहिला. दृश्य अतिशय सुंदर आहे, पण पाणी धोकादायक असल्याने मुलांसह तेथे खाली उतरण्याचा सल्ला मी देणार नाही.

शेवटची संध्याकाळ मांडवीच्या किनाऱ्यावर काढली. तेथील वाळू काळसर असल्याने गावकरी या बाजूला काळा समुद्र म्हणतात, आणि किल्ल्याच्या पलीकडच्या, मिऱ्याच्या दिशेच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र. एकाच गावात दोन रंगांचे समुद्र ही कल्पना मुलांना इतकी आवडली, की परतीच्या सकाळी रिक्षा वळवून पांढऱ्या समुद्रावरही जावे लागले. सासूबाईंच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्यांत त्यांनी दोन्हीकडची चिमूटभर वाळू भरून घेतली. ठाण्याला पोहोचल्यावर मुलीने काळी वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवले, तेव्हा त्यातले काही कण उभे राहून चुंबकामागोमाग सरकू लागले. या किनाऱ्याच्या वाळूत लोहयुक्त खनिजे असतात, हे मी तिला सांगितले. आता ती बाटली तिच्या शाळेच्या दप्तरात आहे, कारण वर्गातील सगळ्यांना तो प्रयोग करून दाखवायचा आहे.