लिनक्सचं डिस्क रनटाइम पीएम: झोप उत्तम, फक्त चौकशी करू नका

बॅकअपची डिस्क रात्री एकदा लागते, बाकी वेळ नुसती फिरते. वीज अशी फुकट जाताना मला बघवत नाही, म्हणून काही महिन्यांपूर्वी लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नेलचं रनटाइम पीएम (वापरात नसलेलं उपकरण झोपवायची सोय) चालू केलं. डिस्कसाठी ते मुळात बंदच असतं: कंट्रोल ‘ऑन’ (म्हणजे सतत जागी) आणि ऑटोसस्पेंड डिले, म्हणजे किती वेळ रिकामी राहिल्यावर झोपायचं तो आकडा, उणे १ (कधीच नाही). मी ‘ऑटो’ केलं आणि डिले ९००००० मिलिसेकंद, म्हणजे १५ मिनिटं ठेवला.

आधी जाम खूश होतो. एचडीपार्म या डिस्कच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने लावलेला टायमर डिस्कच्या फर्मवेअरमध्ये (तिच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) चालतो, कर्नेलला त्याची गंधवार्ता नसते. इथे कर्नेल स्वतः वेळ मोजतो, कॅशे (लिहायचा बाकी डेटा) रिकामा करून मगच मोटर थांबवतो आणि पाठोपाठ साटा पोर्टही (डिस्क जोडलेली जागा) झोपवू शकतो. जाग यायला काही सेकंद लागतात, ते चालतं.

मग स्टार्ट-स्टॉपचा आकडा (मोटर किती वेळा सुरू झाली तो) पाहिला आणि डोकं फिरलं. डिस्क दर अर्ध्या तासाने उठत होती! करणी स्मार्टडीची, म्हणजे डिस्कवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची. तो दर ३० मिनिटांनी तब्येत तपासतो. त्याला ‘स्टँडबायमध्ये असेल तर सोडून दे’ असं बजावलं होतं, पण झोपली आहे का हे कळायला तो डिस्कलाच कमांड पाठवतो आणि कोणतीही कमांड आली की कर्नेल आधी डिस्क जागी करतो. झोपलेल्याला गदागदा हलवून ‘झोपलास का रे?’ विचारण्यातला प्रकार. फर्मवेअरच्या टायमरवर हीच कमांड मोटर न फिरवता उत्तर आणते.

हिशोब करा: दिवसाला ४८ वेळा, वर्षाला साडेसतरा हजार. डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा ५०,००० स्टार्ट-स्टॉपचा आकडा असतो, म्हणजे तीन वर्षांच्या आत संपला. चार-पाच वॉट वाचवायला डिस्क घालवायची? परत एचडीपार्मकडे वळणारच होतो.

पण सिसएफएसमध्ये (कर्नेल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) ‘रनटाइम स्टेटस’ नावाची फाइल आहे. ती वाचली तर डिस्कला पत्ताही लागत नाही. आता त्या डिस्कपुरता स्मार्टडी बंद. छोटी स्क्रिप्ट ती फाइल बघते आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल तरच स्मार्टसीटीएल (तब्येत तपासणारी कमांड) चालवते. बॅकअपच्या वेळी डिस्क जागी असतेच, तपासणी तेव्हा उरकते. आकडा आता दिवसाला एकने वाढतो. एवढं साधं काम स्मार्टडीने स्वतः का करू नये, हा राग आहेच.

रूट फाइलसिस्टीम (लिनक्स स्वतः जिथे बसवलंय ती) असलेल्या डिस्कवर या भानगडीत पडू नका. लॉग लिहायला तिला कोणी ना कोणी उठवतंच.