सोलर आणि हीट पंप: पाण्याला उत्तम, एसीला नको

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर आमची सात मजली सोसायटी आहे. गच्चीवरचं पाणी तापवायचं जुनं सोलर गळायला लागलं तेव्हा कमिटीने ठाण्याच्या एका छोट्या विक्रेत्याकडून नवी सिस्टीम बसवून घेतली. 2000 लिटरचं व्हॅक्यूम ट्यूबचं सोलर आणि त्याच्या मागे हीट पंप. पावसाळा आणि हिवाळा दोन्ही पाहून झालेत, म्हणून आता लिहितोय. माझी नोकरी हॉटेलांचे एसी प्लांट चालवण्यात गेली, त्यामुळे मध्येमध्ये थोडा हिशेब येईल. चालवून घ्या.

100 लिटर पाणी 25 अंशांवरून 50 वर न्यायला गीझरला तीन युनिटच्या आसपास वीज लागतेच, मग कंपनी कुठलीही असो. हीट पंप म्हणजे उलटा लावलेला एसी. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, म्हणून तेच काम साधारण एका युनिटमध्ये उरकतो. मुंबईची उबदार, दमट हवा त्याला मानवते. लख्ख उन्हात तर त्याची गरजच पडत नाही, सोलर एकटं पुरतं. जुलैत ढग असले की ट्यूबा पाणी नुसतं कोमट करून देतात आणि पुढचे अंश पंप चढवतो. पूर्वी पावसाळ्यात घरोघरी गीझर लागायचे, ते जवळपास बंद झालेत.

या विक्रेत्याला मी मार्क दिले ते जोडणीसाठी. गार पाणी आधी सोलरच्या टाकीत जातं, तिथून हीट पंपाच्या वेगळ्या टाकीत आणि मग खाली घरांत. दुसऱ्या एका कोटेशनमध्ये टाकी एकच होती, पंपही तिच्यातच गरम पाणी सोडणार होता. तसं केलं की सकाळी ऊन येतं तेव्हा टाकी आधीच तापलेली असते, ट्यूबांना द्यायला जागाच राहत नाही. सोलर फुकट आणि पंप विकतचा, तर फुकटवाल्याला आधी काम करू द्यावं. टाकीची किंमत वाचवायला गेलात तर ती पुढे वीजबिलात भराल.

टायमर मात्र मी बदलून घेतला. त्यांनी पहाटे चारचा लावला होता. मी मुख्य वेळ दुपारी चारची करायला लावली आणि पहाटे फक्त कमी पडलेलं भरून काढायचं ठेवलं. दुपारी चारपर्यंत सोलरचं बरंचसं काम झालेलं असतं आणि हवा गरम असल्याने पंपाला उष्णता सहज मिळते. शिवाय पंप गार, कोरडी हवा बाहेर फेकतो. ती आम्ही एक डक्ट टाकून लिफ्टच्या मशीन रूममध्ये वळवली. ती खोली दुपारी भट्टीसारखी तापायची. पंप चालू असतो तेवढा वेळ आता तिथे उभं राहता येतं. विक्रेत्याला ही कल्पना आवडली, पण डक्टचे पैसे त्याने लावलेच.

आता तक्रारी. खाली जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला सुरुवातीला इन्सुलेशन नव्हतं, मागे लागून करून घ्यावं लागलं. पाइपात गार झालेलं पाणी परत टाकीकडे नेणारी रिटर्न लाइन अजूनही नाही, त्यामुळे पहिल्या मजल्यावर सकाळी आधी बादलीभर गार पाणी येतं. संक्रांतीच्या पतंगबाजीत पोरांनी एक ट्यूब फोडली. ती बदलायला माणूस लगेच आला, पण कबुतरांनी घाण केलेल्या ट्यूबा धुणं एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, बसत नाही म्हणाला. वॉचमन धुतो. मे महिन्यात टंचाई आली तरी बोअरचं पाणी या टाकीत चढवू देऊ नका, क्षार बसतात. आणि हो, पंप कॉमन मीटरवर आहे, तेव्हा दोन माणसांच्या घराने सहा जणांच्या घराइतकेच पैसे का द्यायचे, हे भांडण तुमच्याही एजीएममध्ये होणार. आमचं मिटलेलं नाही.

याच विक्रेत्याने नंतर ‘सोलर एसी’ही दाखवला. आउटडोअर युनिटच्या वर एक काळी ट्यूब असते, कॉम्प्रेसरमधून निघालेला गॅस तिच्यात उन्हाने आणखी तापतो आणि म्हणे वीज वाचते. मी विचारलं, अहो, तो गॅस पुढे कंडेन्सरमध्ये, म्हणजे आउटडोअरच्या जाळीत, गारच करायचाय ना? मग वर आणखी उष्णता कशाला घालता? त्यावर ब्रोशर पुढे आलं, उत्तर नाही.

उन्हाच्या उष्णतेवर थंडावा खरंच मिळतो, पण त्याला लिथियम ब्रोमाइडचं अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन लागतं, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर आणि या क्षाराच्या द्रावणावर चालणारं. 80-90 अंशांचं पाणी दिलं की साधं मशीन घातलेल्या उष्णतेच्या साधारण 0.7 पट थंडावा देतं. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट थंडावा, त्यासाठी पाच किलोवॅट उष्णता हवी. भर दुपारी एका चौरस मीटरवर एक किलोवॅट ऊन पडतं, त्यातलं निम्मं हाती लागलं तरी टनाला दहा चौरस मीटर गच्ची जाते. शिवाय मशीनची उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनाने हवेत सोडायला कूलिंग टॉवर, आणि आपल्या दमट हवेत तोही आळशी. त्याच दहा चौरस मीटरवर वीज बनवणारी साधी पॅनल लावून इन्व्हर्टर एसी चालवला तर भर उन्हात दोन टनांच्या आसपास थंडावा मिळतो. ज्या कारखान्यात वाफ किंवा गरम पाणी वाया जातं तिथे अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन शोभतं, आमच्या गच्चीवर नाही.

पाण्याच्या सिस्टीमला पाचपैकी चार. रिटर्न लाइनचं कोटेशन मागवलंय. ते मूळ कामातच धरायला हवं होतं, म्हणून एक कापला. तुम्ही घेणार असाल तर ती आधीच लिहून घ्या आणि टाक्या दोनच घ्या.